आरशापलीकडची खोली

"मी इथून हलणार नाही. किती वेळा सांगायचं?" आईने कपबशी विसळून ओट्यावर नेहमीच्या जागी पालथी घातली.

दृष्टी गेल्यापासून ती त्या घरात हातांच्या भरवशावर वावरत होती. चहा स्वतः करायची, खिडक्या स्वतः लावायची. पण इमारत पाडायला काढली होती आणि महिनाअखेर घर सोडणं भाग होतं. ताईने भाड्याने घेतलेल्या नव्या घरात आईला न्यायचं ठरलं होतं. आई सोडून सगळ्यांचं.

"तिथे मी सामान होईन," ती म्हणाली. "ठेवाल तिथे बसायचं, उचलाल तेव्हा उठायचं."

घरातला धाकटा मी, गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ताई मात्र म्हणाली, "बघते काहीतरी."

ताईचं काम मला कधी धड सांगता आलं नाही. विचारलंच कुणी, तर म्हणायचो, "ठिपके निवडते." खोलीच्या मध्यभागी स्कॅनर ठेवायचा. त्याचा किरण जिथे आपटेल तिथला एक ठिपका घेतला जातो. असे लाखो ठिपके. त्यात भिंत कुठली, पाइप कुठला, हे कॉम्प्युटर अंदाजाने ठरवतो, आणि तो चुकला की ताई निस्तरते. सपाट ते निळं, नळकांडं ते हिरवं, चेंडूसारखं ते पिवळं. केस पिकेपर्यंत तिने हेच केलं, आणि कुरकुर म्हणून नाही.

सुट्टीच्या दिवशी तिने ऑफिसातला स्कॅनर मागून आणला, नवं घर टिपलं आणि त्याची लहानशी प्लास्टिकची प्रतिकृती थ्री-डी प्रिंटरवर छापून आईच्या मांडीवर ठेवली. आईने बोटं फिरवली.

"हे घर आहे की चुरगळलेला कागद?"

पडद्याच्या चुण्या, उशांचे उंचवटे, सगळंच त्यात उतरलं होतं. डोळ्यांना जे चालतं ते बोटांना नुसतं टोचत होतं. माझी चिडचिड झाली असती. ताई पुन्हा कामाला बसली. पडद्याची तिने सरळ फळी केली, पलंगाचा ठोकळा, गिझरचं नळकांडं, दिव्याचा चेंडू. एकेक आकार ठरला की डोळे मिटून स्वतःलाच विचारायची, "हे बोटाला कळेल का?" तिचं काम मी असं पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या खेपेला आईची बोटं भराभर चालली.

"दार. भिंत. हा खांब. उजवीकडे स्वयंपाकघर. बरोबर?"

"अगदी बरोबर!"

"आणि पॅसेजच्या पुढची ही खोली कुणाची?"

"कुठली खोली?"

ताईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पॅसेजच्या शेवटच्या भिंतीवर घरमालकाचा मोठा आरसा होता. किरण त्यावरून उलटा फिरला आणि स्कॅनरला आरशापलीकडेही जागा दिसली. असल्या भुताटकीच्या खोल्या ताई ऑफिसात रोज पुसून टाकते. पण दिव्याखाली अंधार!

"ती खोली नाहीच आहे, आई. तिथे आरसा आहे. माझीच चूक. उद्या पुसते."

आईची बोटं त्या नसलेल्या खोलीत थांबली होती. मग ती हसली.

"पुसू नकोस. यांना देऊ ती. मी एकटीच निघून गेले तर यांनी कुठे जायचं?"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई कशासाठी अडून बसली होती, ते आम्हाला तेव्हा कुठे उमगलं. ताई मान फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिली.

नव्या घराच्या दारात आईने माझा हात झटकला. "सोड. येतं मला."

ती एकटी आत गेली. भिंत, खांब, उजवीकडे स्वयंपाकघर. कुठे अडखळली नाही. तिथून परतून ती पॅसेजच्या टोकापर्यंत गेली आणि तिने आरशावर तळवा टेकवला.

"गार आहे," ती म्हणाली. मग बोटाच्या पेराने काचेवर हलकेच टकटक केली. "आलो बरं का आम्ही."

आणि चहा टाकायला निघून गेली.

काचेवर तिच्या तळव्याचा ओलसर ठसा राहिला होता. पुसावा म्हणून मी रुमाल काढला, तर ताईने माझा हात धरला.