चूक कळवा

मानवी संस्कृती प्रमाण विचलनावर उभी आहे, असं संख्याशास्त्राच्या निवृत्त सरांचं ठाम मत होतं. ती कचरा वेळेवर खाली नेण्यावर उभी आहे, असं त्यांच्या पत्नीचं.

"अहो, गेली ना कचऱ्याची गाडी!"

"थांब जरा. शून्य येतंय."

"कशाचं?"

"अब्जाहून एकाने, दोनाने आणि तिनाने मोठे असे तीन आकडे दिले. विचलन एक यायला हवं. हा शून्य दाखवतोय."

बाईंनी पिशवी तिथेच ठेवली. "म्हणजे चुकलं त्याचं?" त्यांचा चेहरा उजळला. "मग कळवा की लगेच!"

सर संगणकावर ज्या स्प्रेडशीटमध्ये आकडे घालत होते, ती फुकट होती. जगभरची माणसं तिचा प्रोग्रॅम हौसेनं लिहीत आणि कुणालाही ती आतून उघडून बघता येई. तिच्यातला संख्याशास्त्राचा भाग सरांचे चिरंजीव परदेशात बसून सांभाळत. ते रविवारी फोन करत. जेवलात? जेवलो. तब्येत? आहे. आईला द्या. आई "कधी येतोस रे?" विचारी आणि नेमकं त्याच वेळी तिकडे कुणीतरी दार वाजवी.

पण 'चूक कळवा' हे बटण दाबलं, की तासाभरात सविस्तर उत्तर येई. सर टोपणनावाने कळवत. बाप म्हणून कळवलं असतं, तर उत्तर रविवारी आलं असतं.

"काय म्हणतोय?"

"आभार मानतोय. फार बारकाईने बघता, म्हणतो."

"बघा! आपल्याला कधी म्हणाला होता असं?"

शून्याचं प्रकरण आठवडाभर छान चाललं. मग चिरंजिवांनी ते दुरुस्त केलं. त्याच्या आधीचीही सगळी केली होती. मुलगा हुशार होता, हीच अडचण होती. पुढे सरांनी वाट्टेल तसले आकडे घालून पाहिले. उत्तरं निमूटपणे बरोबर येत राहिली.

"नीट बघा हो. माणसाचं कुठेतरी चुकतंच."

"याचं नाही चुकत."

"मग खोटी कळवा."

उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा गुण फुकट न दिलेल्या सरांनी मान खाली घालून टाइप केलं: 'नमुन्यात आकडे दहा, आणि विचलन काढताना तुम्ही भागता नवाने. एक कुठे गेला?' पहिल्या वर्षाचं पोरही असलं विचारणार नाही.

उत्तर आलं. बाई चष्मा शोधत होत्या. "मोठ्याने वाचा की."

"सरासरी काढताना एक आकडा खर्ची पडतो, म्हणून भागायचं एकाने कमी. माझे वडील हे शिकवायचे. विसरलो तर भिंतीशी उभं करायचे. यात चूक नाही."

बाई खुर्चीत टेकल्या.

"आता लिहाच. मीच तो, म्हणावं. आणि विचारा, कधी येतोस."

सरांनी बरंच लिहिलं, खोडलं, शेवटी 'कधी येतोस?' एवढंच ठेवलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर करडी पट्टी आली. चूक नसल्याने तक्रार बंद झाली होती. बंद तक्रारीखाली लिहिता येत नाही.