पांढरी नळी

दोनदा डिझेलच्या नळीचा तुकडा बदलला, तरी वच्छलाबाईंच्या जुन्या पिकअपखाली डिझेलचा थेंब पडतच होता. वीस वर्षं औरंगाबादेत गॅरेज चालवणाऱ्या गयासचा असा पचका कधी झाला नव्हता.

“गाडी भंगारात घाला, मावशी!” तो वैतागून म्हणाला.

वच्छलाबाई पाचोडच्या बाजारात रांगोळी विकायच्या. पदर खोचून त्या गाडीखाली वाकल्या. “तुकडा कुठला बदलला?”

“थेंब पडतो तिथं.”

“माझ्या घरात पाणी भिंतीपाशी पडतं, पण पत्र्याचं भोक लई लांब हाय. पूस ती नळी!”

गयासनं कुरकुरत अख्खी नळी कोरडी पुसली. बाईंनी रांगोळीचं पाकीट फोडून त्याच्या हातात दिलं. त्यानं गाडीखाली झोपून नळीला पांढरी पूड चोळली आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं पांढऱ्यावर ओला डाग उमटला, तो थेंबापासून दोन हात पुढं! तिथं नळी लोखंडाला घासत होती, आणि डिझेल नळीवरूनच ओघळत मागं येत होतं.

त्यानं तेवढा तुकडा बदलला आणि पुन्हा रांगोळी चोळली. अर्धा तास इंजिन चाललं, तरी पांढरं ते पांढरंच राहिलं. भंगारात घालायची ती गाडी घेऊन बाई सरळ बाजाराला निघाल्या.

घरी बिल्किसनं नवऱ्याच्या हातांकडं पाहिलं. “आज हे पांढरं काय लागलंय?”

“शाळेत गेलो होतो,” गयास म्हणाला.