तळहातावरची आमटी

माधुरीताईंनी पळीतली आमटी डाव्या तळहातावर घेतली, फुंकर मारली, चाखली आणि डोळे मिटून मान डोलावली.

"झकास. भरा डबे."

घाटकोपरच्या त्या गाळ्यातून पवईच्या एका ऑफिसात जेवण जायचं. रांधायची जया, पोळ्या-भात अबोलीकडे, डबे पोहोचवायचा भीमराज. पण शेवटचं मीठ माधुरीताईंच्या हातचं आणि शेवटची चवही त्यांचीच. मिठाच्या बरणीला हात लावायची दुसऱ्या कोणाची टाप नव्हती. सासूकडून शिकलेल्या गूळ-आमसुलाच्या या आमटीवर नवऱ्यामागे बाईंनी हा धंदा उभा केला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

आता एक गोष्ट होती, जी गाळ्यात कोणालाच ठाऊक नाही असं त्या धरून चालल्या होत्या. तापातून उठल्यापासून त्यांच्या जिभेला चव नव्हती आणि नाकाला वास नव्हता. गरम कळायचं, गार कळायचं, बास. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती येईपर्यंत माधुरीताई डोळे मिटून मान डोलवत होत्या. जिला चवच कळत नाही, तिला या गाळ्यात कोण विचारणार, या विचारानं बिचारीची झोप उडाली होती.

त्या दिवशी मीठ घालताना फोन वाजला. बोलून परत आल्या तर मीठ पडलं की राहिलं, आठवेना. एरवी जिभेनं सांगितलं असतं. राहिलंच असेल, असं म्हणत त्यांनी मूठभर टाकलं. कोथिंबीर चिरणाऱ्या जयाची सुरी थांबली. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मागे एकदा "ताई, मीठ जरा..." एवढंच ती म्हणाली होती, तर "मला शिकवतेस?" म्हणून ताईंनी सगळ्यांदेखत तिची अशी काही हजेरी घेतली होती की विचारू नका.

डबे गेले. दुपारी हर्षदचा फोन आला. ऑफिसातली जेवणाची व्यवस्था तोच बघायचा.

"काकू, आमटी खारट झालीय हो. एकानंही तोंडात घातली नाही. आमचे साहेब म्हणतात, दुसरीकडे बघू या का?"

फोन ठेवून माधुरीताई वळल्या. तिघंही त्यांच्याकडेच बघत होते.

"मीठ कोणी टाकलं?"

मीठ आपणच टाकलं हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण शब्द तोंडातून सुटून गेले होते.

"मी," जया म्हणाली.

"नाही ताई, मी," अबोली घाईघाईनं म्हणाली. "जया तर कोथिंबीर चिरत होती."

भीमराजनं हातातल्या रिकाम्या पिशव्या खाली ठेवल्या. "मीच टाकलं असेल."

"तू? तू बाहेर स्कूटरवर पिशव्या बांधत होतास ना रे?"

"हो ना. येता येता टाकलं."

माधुरीताईंना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. त्या स्टुलावर बसल्या.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"माझा भात करपला ना, तेव्हापासून," अबोली म्हणाली. "वास पार शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. आणि तुम्ही पातेल्याशेजारी उभ्या राहून मला विचारलंत, भात झाला का गं?"

"मग रोज कसं काय निभावलं?"

"तुमची पाठ वळली की मी सावरून घ्यायचे," जया म्हणाली. "कधी पाणी, कधी चिमूटभर मीठ. आज मीठ टाकल्यावर तुम्ही पातेल्यापासून हललाच नाहीत."

"अगं, मग तोंडानं सांगायचं ना!"

भीमराज म्हणाला, "तुम्ही ओरडता ना, ताई."

"मी कुठे ओरडते?" माधुरीताई ओरडल्या. आपलाच आवाज ऐकून त्या गप्प झाल्या. मग पदरानं तोंड पुसत हळू म्हणाल्या, "मला भीती वाटत होती रे. मला चव कळत नाही म्हटल्यावर माझं इथे काय काम?"

"वा! आणि आम्हाला कामाला कोण लावणार?" जया म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता.

माधुरीताईंनी तिथेच, तिघांच्या समोर, हर्षदला फोन लावला. "हर्षद, मीठ माझ्या हातून दोनदा पडलं. आजारपणात माझी चव गेलीय. उद्यापासून चव आमची जया बघेल. उद्याचा एक दिवस जेवून बघा, मग काय ते ठरवा." पलीकडून तो म्हणाला, "पाठवा, काकू. साहेबांना मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी पळी जयाच्या तळहातावर रिकामी झाली. अबोलीही येऊन उभी राहिली.

"सांग," माधुरीताई म्हणाल्या.

"झकास," जया म्हणाली. चाखायच्या आधीच म्हणाली.

"जया."

जयानं चाखली. "मीठ बरोबर आहे, ताई."

"आणि?"

जयानं अबोलीकडे पाहिलं. अबोली ओट्याकडे बघायला लागली.

"गूळ जास्त होतो."

"आज?"

"रोज."

"म्हणजे, माझ्या तापानंतर?"

"नाही ताई. मी कामाला लागले तेव्हापासून."

माधुरीताईंचा चेहरा लाल झाला. सासूबाईंची आमटी! आवाज गळ्यापर्यंत आला, आणि तिथेच त्यांनी तो अडवून धरला. जया मागे सरली नव्हती. हात तसाच पुढे, तळहातावर आमटीचा ओघळ.

"भीमराज, तुला पण गोड लागते?"

भीमराजनं मान खाली घातली. जेवताना तो रोज घरून आणलेली ठेच्याची डबी उघडायचा. आईच्या हातचं आवडतं हो पोराला, असं माधुरीताई कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आण ती डबी."

"ताई, जालन्याकडच्या मिरचीचा आहे. तुम्हाला नाही झेपायचा."

"आण म्हटलं ना!"

त्यांनी बोटभर ठेचा जिभेवर ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला, कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अबोली धावत तांब्या घेऊन आली.

"ताई, पाणी!"

माधुरीताईंनी हातानंच तिला थांबवलं. गुळाचा डबा जयाकडे सरकवला आणि जीभ बाहेर काढून वारा घेत म्हणाल्या,

"थांब गं जरा. काहीतरी लागतंय."