जवळ्यावर अंथरलेले शीड

मी एक जुने शीड आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला अजून सुक्या जवळ्याचा वास येतो. नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. पुढे सगळी गोष्ट त्या वासाचीच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कडक आणि पांढरेशुभ्र होते. पाचूबंदरच्या रोझमेरीने मला तिच्या शर्यतीच्या होडीवर चढवले. जोडीला विरारची उन्नती असे. दोघींनी मला इतके वारे खायला घातले की माझा ताठा उतरला आणि कापड सैलावले. पोटाशी फाटले तेव्हा रोझमेरीच्या वडिलांनी, आग्नेलबाबांनी, जाळ्याच्या दोऱ्याने ठिगळ लावले. मग नवे शीड आले आणि मी राखीव झाले. कौतुक सगळे नव्याचे. जगाची रीतच ती, मी मनाला लावून घेतले नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच किनाऱ्यासमोर आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या. अंतिम सामन्यात समोर डेन्मार्कची जोडी होती. आधी पाच शर्यती जिंकेल त्याचा चषक. रोझमेरीने आईला शब्द दिला होता, हरले तर होडी सोडीन आणि बोरिवलीची नोकरी धरीन. जिंकली तर पुढचा सराव परदेशात, वर्षभर.

पहिल्या दिवशी डेन्मार्कच्या चार झाल्या, आमची एक. वर त्या दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत नवे शीड उभे फाटले. तिथे मोजून शिक्का मारलेलेच शीड चालते. तसे आता मी एकटेच उरले होते. रोझमेरी धावत घरी आली.

"आये, जुना शीड कुठं हाय?"

"जवल्यावर," लुसी म्हणाली. "ढग आले, ताडपत्री गावली नाय. सगला भिजला असता ना!"

"अगो आये, तो शर्यतीचा हाय!"

"मंग जवला काय वाटेवर पडलाय?"

खरे सांगायचे तर लुसीचे काही चुकले नव्हते. मासेमारीच्या घरात आधी मासळी सावरायची, मग बाकीचे जग.

सकाळी मला होडीवर चढवताना उन्नतीने नाक दाबले. "यार, हे लावून फायनल? पंच बेशुद्ध पडतील."

"पडू दे. वारा बघ आधी."

वारा जवळजवळ मेला होता. डेन्मार्कचे कडक शीड नुसते लटकत होते. मी पडले सैल, फुंकरीनेही माझे पोट फुगे. एका दिवसात तीन शर्यती आमच्या झाल्या आणि चार-चार अशी बरोबरी झाली.

शेवटच्या शर्यतीत मात्र आम्ही परतीच्या बोयापर्यंत, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेपर्यंत, मागेच होतो. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि आग्नेलबाबांच्या ठिगळाचा एक टाका तटकन तुटला. मी घाबरले, खोटे कशाला सांगू?

"हलू नको," रोझमेरी पुटपुटली. उन्नती हलली नाही. ठिगळही हलले नाही. झुळूक माझ्या पोटात भरली, आम्ही अर्ध्या होडीने पुढे निघालो आणि तशीच रेघ ओलांडली.

मग किनाऱ्यावर बँड वाजला. दोघींना लोकांनी खांद्यावर घेतले. मी ओले, खारे, वाळूत पडले होते आणि माझ्यावरून नाचणारे पाय जात होते. कोणाचे लक्ष नव्हते. बँड सोडून एकटी लुसी आली. तिने मला नळाखाली ओढले, गोड्या पाण्याने धुतले, ठिगळावरून हात फिरवला.

"बरा टिकलास रे," ती मला म्हणाली. "पन आता जाते ना ती लांब."

तिच्या डोळ्यांना पाणी होते.

मित्रांनो, जिंकलेल्यांना खांद्यावर घ्या, जरूर घ्या. पण ज्याच्या जोरावर जिंकलात ते वाळूत टाकू नका. मीठ कापडाला आतून खाते, आणि ते दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. दोन बादल्या गोडे पाणी, सावलीत वाळवणे, एवढेच लागते.

दुसऱ्या दिवशी लुसी बाजारात गेली आणि जवळ्यासाठी नवी ताडपत्री घेऊन आली. मला तिने घडी घालून रोझमेरीच्या बॅगेत सगळ्यात खाली ठेवले.