पोराचे बूट

त्या जुन्या तीर्थाच्या शहरात माणसं देव बघायला येतात. हा बूटवाला आला होता लोकांचे जोडे बघायला. मोठ्या देवळाच्या दारात वाटाड्या राजेरजवाड्यांचा इतिहास ऐकवत होता, मंडळी माना वर करून कळस न्याहाळत होती आणि हा एकटा मान खाली घालून चपलांच्या रांगांमधून फिरत होता. चोर समजून दोघांनी हटकलंसुद्धा. हटकू देत. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला कसली आलीय लाज?

त्याचा मुलगा घर सोडून गेला होता. मुलाचा डावा पाय आखूड, म्हणून डाव्या बुटाचा तळ बाप स्वतः थरावर थर चिकटवून उंच करायचा. ओळखीच्या कुणीतरी त्याला या शहरात पाहिलं होतं, पण कुठल्या देवळापाशी ते काही त्याला सांगता येईना. आणि घरी मुलाची आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता तिला पाणीही चमच्यानं पाजावं लागे, पण दाराची कडी वाजली की ती विचारायची, "आला का?"

मोठ्या देवळाशी काही नाही. दर्ग्याच्या दाराशी नाही. नदीकाठच्या देवळांच्या पायऱ्या झाल्या, तिथंही नाही. टेकडीवरच्या जुन्या मठाशी पोचेपर्यंत भर दुपार झाली आणि फरशी तव्यासारखी तापली. तिथं जोडे सांभाळणाऱ्या बाईच्या फळीवर, अगदी खालच्या खणात, ते बूट दिसले.

बूटवाल्यानं वाकून ते उचलले. डावा बूट उलटा करून पाहिला, तर सुटलेला थर कुणीतरी खिळे ठोकून बसवलेला.

"हे काय काम झालं? पायात घुसतील ना हे!" तो चिडला, आणि चिडता चिडताच त्याला रडू फुटलं.

"ओ काका, ठेवा ते खाली," बाई खेकसली. "बिल्ला दाखवल्याशिवाय मी प्रत्यक्ष देवालाही जोडे देत नाही."

"माझ्या पोराचे आहेत, ताई. कुठाय तो?"

बाईचा आवाज उतरला. "आत भांडी घासतो. दोन घास मिळतात, काळजी करू नका. बसा, बोलावते मी."

ती आत गेली. बूटवाला मनातल्या मनात शब्द जुळवू लागला. पण एकच शब्द राहून राहून पुढे येत होता. लंगड्या. दुसऱ्या कुणी पोराला तसं म्हटलं तर बाप त्याच्या अंगावर धावून जायचा, आणि एके दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, रागाच्या भरात तोच म्हणून बसला. पोरानं हातातलं काम खाली ठेवलं आणि निघून गेला.

बाई धावतच बाहेर आली. "अहो, दाराआडून तुम्हाला पाहिलं त्यानं. मागच्या दारानं पळाला!"

"अनवाणी?"

बूट हातात घेऊन बाप मठाच्या मागे धावला. खाली, तापलेल्या पायऱ्यांवरून पोरगा लंगडत पळत होता. "अरे, तुझी आई..." बाप ओरडला, पण मठात घंटा घणघणायला लागल्या होत्या. पोरानं मागे पाहिलं, बाप दिसताच आणखी जोरात पळाला, कोलमडला, हात टेकून उठला आणि पुन्हा पळाला.

बाप जागीच थांबला. आपण एक पाऊल पुढे टाकलं की हा आणखी पळणार, आणखी भाजून घेणार, हे त्याला कळलं. तो मागे फिरला. बूट पुन्हा त्याच खणात नीट ठेवले.

"ताई, मी निघतो. मी गेल्याशिवाय तो बूट न्यायला यायचा नाही. एवढं सांगा, आई शेवटच्या घटका मोजतेय, तुझ्यातच जीव अडकलाय तिचा."

"सांगते. आणि तुमचा काही निरोप?"

बूटवाल्यानं डोळे पुसले. "माझा कसला निरोप? म्हणावं, खुशाल ये. तू येशील तेव्हा मी घरात नसेन."

तो टेकडी उतरू लागला. वाटेत कुठंच टेकला नाही. वरून कुठून तरी पोरगा बघत असला, तर त्याला वाटायला नको की बाप अजून थांबलाय.