दोनदा उकडलेली माती

प्रयोगशाळेतल्या पोरी तिला पाठीमागे फिनेलबाई म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोला, ते नाव तिला शोभायचंही. तीस वर्षं ती ऑर्किडचं बी बाटल्यांत रुजवत होती. बाटलीत साखर घातलेली जेली, जेलीवर बी, आणि बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खी बाटली बाद! दाराची कडीसुद्धा ती स्पिरिटने पुसायची. बुरशीला दयामाया नाही, हे नव्या पोरींना पहिल्याच दिवशी दम देऊन सांगायची.

तेव्हा तिचा थोरला भाऊ, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, एक वाळकी शेंग आणि पोतंभर माती घेऊन तिच्याचकडे येणार, दुसरीकडे कुठे जाणार? डोंगराच्या एका उतारावर चाळीस वर्षं तो एक रानऑर्किड बघायला जायचा. वीतभर उंच, हिरवट फुलाचं, कुणी ढुंकूनही बघणार नाही असं. दुसरीकडे कुठेच त्याला ते सापडलं नव्हतं. आता त्या उतारावरून रस्ता जाणार होता. खणून आणलेल्या दोन झाडांनी कुंडीत आठवड्याभरात माना टाकल्या होत्या. उरली होती ही शेंग.

"अर्धं बी तुझ्या बाटलीत घाल, अर्धं या मातीत," दादा म्हणाला. "त्यांच्या मुळांखालचीच आहे ही. मशीन यायच्या आधी खणून आणली."

"दादा, आता तू मला शिकवणार का?" ती म्हणाली, आणि दोघं हसले.

बाटलीतलं बी फुगलं, हिरवं झालं आणि महिन्याभरात काळं पडलं. झालं, सगळी भिस्त पोत्यावर! तिने माती चाळली, प्रयोगशाळेतल्या पिंपाएवढ्या कुकरमध्ये घालून दोनदा उकडली, गार केली, ट्रेमध्ये पसरली आणि वर ते पिठासारखं बी भुरभुरलं. एक कण मागे ठेवला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

दादा अठ्ठ्याहत्तरचा. रोज दोन बस बदलून यायचा आणि भिंग घेऊन ट्रेसमोर स्टुलावर बसायचा.

"अगं, इथे हिरवं दिसतंय बघ."

काही दिसत नसायचं. असं एक वर्ष गेलं. शेवटी तिने चिमूटभर माती मोठ्या बाईंकडे नेली. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली चालायची. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं.

"यात बुरशीचा एक धागा नाही. ही रानातली माती ना?"

"हो. मी उकडून घेतली. दोनदा."

"अहो, काय केलंत हे! रानात या बीला साखर कोण देणार? त्याच्यात स्वतःपुरतंही दाणापाणी नसतं. मुळांजवळची बुरशीच त्याला भरवते, तेव्हा कुठे ते रुजतं."

त्याच दुपारी ती बस पकडून उताराकडे गेली. काँक्रीटची भिंत होती, भिंतीखाली डांबर. मूठभर माती मिळाली असती तरी पेरायला बी कुठे होतं? तरी वेड्यासारखी ती भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी दादा स्टुलावर बसायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. त्याने भिंग पुसलं, परत पुसलं.

"त्या दिवशी जिभेवर आलं होतं माझ्या," तो म्हणाला, "की माती आहे तशीच राहू दे. मग म्हटलं, हिला काय सांगायचं? हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"दादा, शिव्या घाल रे मला."

"घालून उगवणार आहे का?"

तो रागावला असता तर परवडलं असतं. तिला रडूही येईना. त्याने पिशवी परत खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन थांबला.

"उद्या येतो."

"आता कशाला दोन दोन बसचे हाल करून घेतोस?" तिच्या तोंडून निघून गेलं. "यात काही उरलं नाही, दादा."

"मग जाऊ कुठे?" दादा म्हणाला. "उतारही नाही राहिला."