कुंकू लागलेली काच

मी एक जुना लेझर आहे, मित्रांनो, आणि दसरा म्हटलं की माझी वायर थरथरते.

नागपुरात श्वेता मॅडमच्या दवाखान्यात मी राहतो. तुमच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. दुखण्याने त्या दमतात, चिडतात. माझा लाल उजेड थोडा पडला की निवतात. जास्त पडला की आणखी चिडतात. म्हणून मी कायम धाकातच जगतो.

प्रयागबाई उमरेडहून यायच्या. जन्मभर माग चालवून त्यांचा खांदा धरला होता, पण नात प्रणालीच्या लग्नाचं लुगडं त्यांना स्वतः विणायचं होतं. माझ्या उजेडाने त्यांचा हात कानापर्यंत पोचला होता. सगळे माझं कौतुक करायचे.

मग दसरा आला. मदतनीस जितेंद्रने माझी पूजा केली. हार घातला आणि कुंकवाचं जाड बोट नेमकं माझ्या काचेवर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आत होत्या. जितेंद्रने मला तसंच सुरू केलं.

"पुसून घे ना गा ते," प्रयागबाई म्हणाल्या.

"पूजेचं आहे, आजी. पुसलं तं कोप होते."

प्रयागबाईंना पटलं. मागावरचं कुंकू त्याही कधी पुसत नव्हत्या.

कुंकू तापायला लागलं. मी घाबरून बीप बीप ओरडलो. जितेंद्रला वाटलं, मशीन पावलं. त्याने हात जोडले आणि वेळ वाढवला.

खांद्यावर चटका बसला, गोल, टिकलीएवढा. मॅडम धावत आल्या. त्यांनी मलम लावलं, काच पुसली आणि जितेंद्रला फैलावर घेतलं. प्रयागबाईंचा हात मात्र पुन्हा खाली आला. लुगडं मागावर अर्धंच राहिलं.

आता त्या मला फोडायलाच येतील, या भीतीने मी कपाटात दडून होतो. आज त्या आल्या. सोबत गावातल्या बायका. सगळ्यांना त्यांनी खांद्यावरचा डाग दाखवला. तो देवीनेच लावला, असं गावात ठरलं होतं म्हणे.

"एका टिकलीनं हात नाही उठला मॅडम," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता दोन लावा."

मॅडम कपाळाला हात लावून समजावून राहिल्या आहेत. बायका मान डोलवतात आणि कमरेच्या पिशवीतून एकेक कुंकवाचा करंडा बाहेर काढतात.

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. ओलं फडकं आणा. लवकर आणा.